मजकूर क्लायंटचा, चूक कुणाची?

पत्र:

ताई, मी मूळची सांगलीची. उपयोजित कलेचं शिक्षण घेतलं आणि गेल्या वर्षी पुण्यात एका छोट्या एजन्सीत लागले. पगार अठरा हजार. मुलाखतीत 'ग्राफिक डिझायनर' म्हणाले होते, पण आता रील एडिट कर, कॅप्शन लिही, क्लायंटला फोन कर, प्रेसला जाऊन ये, सगळं माझ्याकडेच. सर म्हणतात, 'नुसतं डिझाइन येऊन आजकाल भागत नाही.' नोकरीच्या जाहिराती बघते तर तिथेही व्हिडिओ, थ्रीडी, कोडिंग, मार्केटिंग, सगळंच हवं असतं. मैत्रीण म्हणते यूआय-यूएक्सचा, म्हणजे ॲप-वेबसाइटच्या डिझाइनचा, सहा महिन्यांचा कोर्स कर. फी पंच्याऐंशी हजार. बाबा कर्ज काढून द्यायला तयार आहेत, मलाच धीर होत नाही. त्यात मागच्या महिन्यात एका बिल्डर क्लायंटच्या घरच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेत 'शुभाशिर्वाद' असं छापून गेलं. मजकूर त्यांनीच व्हॉट्सॲपवर पाठवला होता, मी जसाच्या तसा लावला. तरी सगळे माझ्यावरच ओरडले. मी डिझायनर आहे की प्रूफरीडर? नव्या डिझायनरने डिझाइन सोडून आणखी काय काय शिकायचं, आणि हे थांबतं कुठे?

एक दमलेली डिझायनर, पुणे

उत्तर:

पत्रिकेपासूनच सुरुवात करते. शुभाशीर्वादातली 'शी' दीर्घ, हे त्या बिल्डरला ठाऊक असायलाच हवं असं काही नाही. प्रूफ वाचायला एजन्सीत दुसरं माणूस नाही, हा दोष तुझ्या सरांचा. पण तो शब्द मधोमध आणताना, त्याला सोनेरी रंग देताना, त्याच्याभोवती वेल काढताना तू निदान दहा वेळा त्याच्याकडे पाहिलं असशील. पाहिलंस, पण वाचलं नाहीस. आपल्या शिक्षणात कच्च्या लेआउटमध्ये मजकुराच्या जागी आडव्या रेघा मारायची सवय लागते, आणि पुढे खरा मजकूर हातात आला तरी डोळा त्याला रेघाच समजतो. ओरडा तुझ्या एकटीच्या वाट्याला यायला नको होता, हे खरं. थोडा यायला हवाच होता.

तू प्रूफरीडर नाहीस. तरी छापण्याआधी त्या अक्षरांवरून शेवटचा हात फिरतो तो तुझाच. म्हणून मजकूर आला की फाइल उघडायच्या आधी तो एकदा मोठ्याने वाचायचा. काम संपलं की कागदावर प्रिंट काढून पुन्हा वाचायचा. पडद्यावर चुका लपतात. फोन नंबर लावून बघायचा. तारीख आणि वार कालनिर्णयशी ताडून बघायचे. शंका आली की परस्पर दुरुस्त करायचं नाही, विचारायचं, कारण काही घरांत आडनावच वेगळ्या पद्धतीने लिहितात आणि तिथे तू केलेली दुरुस्ती हीच चूक ठरते. शेवटी क्लायंटला लेखी ओळ पाठवायची: 'नावं, तारखा, नंबर आणि मजकूर तपासून होकार द्या, मग छपाईला देते.' होकार आला की त्याचा स्क्रीनशॉट कामाच्या फोल्डरमध्ये टाकायचा. पुढचा ओरडा वाटून घेतला जाईल.

आता तुझा मोठा प्रश्न. 'डिझाइन सोडून आणखी काय' या नावाखाली जी यादी फिरते, तिच्यात दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी कालवलेल्या आहेत. तुझी फाइल जिथून येते आणि जिथे जाते, तिथल्या गोष्टी ही एक जात: भाषा, छपाई, क्लायंटशी बोलणं, व्यवहार. दुसऱ्या जातीत मुळात वेगळ्या माणसांची कामं आहेत, ती पगार वाचवायला तुझ्या टेबलावर आणून ठेवली आहेत. पहिल्या जातीचं लगेच शिकून घे, त्याला फी लागत नाही. दुसरीतलं काय घ्यायचं ते तू ठरव, सरांनी नाही.

भाषेचं आणखी थोडं सांगते, कारण मराठीत काम करणाऱ्या डिझायनरला याच्याइतकी पटकन किंमत मिळवून देणारी दुसरी गोष्ट मला दिसत नाही. पुण्या-मुंबईत इंग्रजी पोस्टर झकास करणारी मुलं ढिगाने आहेत. त्यांच्यापुढे देवनागरीची दोन पानं टाकली की घाम फुटतो. क्लायंट व्हॉट्सॲपवर युनिकोड मजकूर पाठवतो, त्याच्या जुन्या डीटीपीवाल्याची फाइल श्रीलिपी या वेगळ्या पद्धतीच्या फाँटमध्ये असते, आणि एकातून दुसऱ्यात चिकटवलं की अक्षरांची भेळ होते. कन्व्हर्टर वापरला तरी जोडाक्षरं आणि विरामचिन्हं डोळ्यांत तेल घालून तपासावी लागतात. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर ही सेटिंग लावलेली नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसण्याऐवजी नंतर येऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. असली पोस्टरं रस्त्यावर रोज दिसतात. ती करणाऱ्याला सॉफ्टवेअर येत होतं, मराठीही येत होतं, फक्त दोन्ही एकत्र येत नव्हतं.

ओळींमधलं अंतरही तसंच. सॉफ्टवेअर आपोआप जे अंतर देतं ते रोमन अक्षरांच्या हिशेबाने. आपल्याकडे वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, त्यामुळे ते अपुरं पडतं. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. फाँट निवडताना 'तऱ्हा', 'कैऱ्या', 'सुऱ्या' टाइप करून तो 'ऱ' नीट येतो का ते बघ. ल आणि श मराठी वळणाचे येतात की हिंदी वळणाचे, तेही बघ. काही फाँटमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की वळण बदलतं. चांगला फाँट चोरून आणायची तर गरजच उरलेली नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेने केलेले 'मुक्त', 'बालू' यांसारखे फाँट खुल्या परवान्याचे आहेत आणि व्यवसायातही फुकट वापरता येतात.

र. कृ. जोशींचं नाव कॉलेजात कानावर आलंच असेल. सुलेखनकार, कवी, जाहिरातक्षेत्रातले कलादिग्दर्शक, पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात शिक्षक, आणि नंतर विंडोजमधल्या मंगल फाँटचे कर्ते. यादी म्हणून वाचलं तर वाटतं, या माणसाने किती क्षेत्रं बदलली! पण यातलं प्रत्येक काम अक्षराला चिकटूनच होतं. संगणकाचं तंत्र त्यांनी गाठलं तेही अक्षराच्याच मागे जात. माझ्या मते विस्तार असा व्हावा. नोकरीच्या जाहिरातीतले मुद्दे एकेक करून खोडत बसलं की माणूस विस्तारत नाही, नुसता पातळ होतो.

प्रेसला जाण्याबद्दल तू तक्रारीच्या सुरात लिहिलंयस. ते काम तेवढं सोडू नकोस, उलट मागून घे. एक हिशेब दाखवते. समजा एका क्लासचं एकपानी माहितीपत्रक आहे, दहा हजार प्रती. तू सवयीने ए-फोर मापात फाइल केलीस. प्रेसवाल्याकडे २३ × ३६ इंची कागद आहे, त्याची अर्धी शीट १८ × २३. ए-फोरची लांबी ११.६९ इंच, म्हणजे दोन पानं लांबीत लावली की २३.३८ इंच होतात आणि शीटच्या बाहेर जातात. परिणामी सगळी पानं एकाच दिशेने लावली तर एका शीटवर दोनच बसतात. तीच फाइल साडेआठ × अकरा इंचांत केलीस तर १७ × २२ मध्ये चार पानं बसतात, वर ब्लीडला (कापताना जाणाऱ्या कडेला) आणि ग्रिपरला (मशीन कागद पकडतं त्या पट्टीला) जागा उरते. पाच हजार शीटच्या जागी अडीच हजार. वाचणाऱ्याला मापातला फरक कळतही नाही, क्लायंटच्या बिलात मात्र कागद निम्म्यावर येतो. प्रेसवाल्याकडे २५ × ३६ चा कागद असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही. कोणता कागद आहे, हे फाइल सुरू करायच्या आधी फोन करून विचारायचं, एवढंच.

असल्या गोष्टी मशीनमनकडून शिकायच्या. बारीक मजकूर चार रंग मिसळून केलेल्या काळ्यात ठेवला आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर हललं की अक्षराला निळी-गुलाबी सावली येते. तो फक्त काळ्या प्लेटवर हवा. गडद रंगावर पांढरा बारीक टाइप काढला की शाई आत पसरते आणि सगळ्यात आधी अनुस्वार गायब होतात. 'मंदिर'चं 'मदिर' झालं की पुन्हा फोन तुलाच येणार. गुळगुळीत आर्ट पेपरवर रंग कसा बसतो आणि साध्या मॅपलिथो कागदावर कसा विरतो, जाड कार्डाला क्रीझिंग न करता, म्हणजे घडीची रेघ आधी दाबून न घेता, घडी घातली की कशी फुटते, हे पडद्यावर कधीच दिसत नाही. नारायण पेठेतल्या एखाद्या प्रेसमध्ये चहाच्या वेळेला जा. मशीन थांबलेलं असतं, माणसं बोलतात.

क्लायंटला फोन करायचाही तुला वैताग आलेला दिसतो. फोन कशासाठी करायला लावतात यावर ते अवलंबून आहे. बिलाची आठवण करायला लावत असतील तर ते तुझं काम नव्हे. पण कामाची माहिती घ्यायला कोणी मधला माणूस असेल, तर तू स्वतःच बोल. आमच्या स्टुडिओत मध्यंतरी कांदा-लसूण मसाल्याच्या पाकिटाचं काम आलं. बाई कराडकडच्या, बचत गटातून उभा केलेला व्यवसाय. त्यांचं म्हणणं एकच: 'लाल भडक करा आणि नाव मोठं करा.' माझ्याकडच्या नव्या मुलीने तसंच केलं, आणि दिसायला देखणं केलं. नाव अगदी वर, झोकात. दाखवता दाखवता तिने विचारलं, 'काकू, दुकानात हे ठेवणार कुठे?' बाई हसल्या. 'ठेवतंय कोण? लडी लटकते की दारात.' म्हणजे पाकिटं एकाखाली एक जोडलेली, मधल्या सीलच्या पट्टीवर फाडायची. आणि नाव नेमकं त्या पट्टीला लागून! दुकानदार एक पाकीट ओढणार आणि नावाचा माथा त्याच्या हातात राहणार. नाव खाली आलं, मिरच्यांचं चित्र निम्मं झालं, पाकीट सुधारलं.

मग मागची बाजू. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क, अन्न परवान्याचा क्रमांक, शाकाहाराचा हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. वजनाच्या आकड्याची किमान उंचीसुद्धा नियमाने ठरलेली आहे. बॅच आणि तारीख नंतर मशीनवर उठवतात, तिथे तू सुंदर गडद मरून रंग भरून ठेवलास तर ते आकडे कोणाला दिसणारच नाहीत. हे सगळं पाठ नको करूस. असे नियम असतात आणि काम हाती घेतानाच ते विचारायचे असतात, एवढं डोक्यात पक्कं असू दे. एआय तुला मिरच्या पाहिजे तितक्या काढून देईल. लडी लटकते हे मात्र त्या काकूंना विचारावंच लागतं.

व्यवहाराचं थोडक्यात सांगते, कारण आज तू पगारावर आहेस. नोकरीत केलेल्या कामाचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. म्हणून पोर्टफोलिओत काय दाखवता येईल ते सरांना ईमेलवर विचारून ठेव. उद्या सुटी कामं घ्यायला लागलीस की चित्र पालटेल: तिथे हक्क सहसा तुझे असतात आणि दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं धरतात. लोगो करून देणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही हे वाचलेलं असावं. कोटेशनमध्ये किती करेक्शन धरली आहेत ते लिही, निम्मे पैसे आगाऊ घे, ओपन फाइलचे (बदल करता येतील अशा मूळ फाइलचे) वेगळे लाव. छोट्या व्यवसायांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते. ती असलेल्या सूक्ष्म आणि लघू व्यवसायाचे पैसे करारात काहीही लिहिलं असलं तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, लेखी करारच नसेल तर १५ दिवसांत. नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. प्रत्यक्षात व्याज वसूल करायला फार कोणी जात नाही, पण बिलाखाली ती एक ओळ असली की अकाउंट्सवाल्याचा आवाज बदलतो.

आता दुसरी जात. रील एडिटिंग थोडं आलं तर बरंच, कारण हल्ली तुझा लोगो हलतो, अक्षरं येतात-जातात आणि ती कशी यावीत हे तुलाच ठरवावं लागतं. पण दुसऱ्याने शूट केलेल्या तासभर फुटेजमधून रोज तीन रील कापणं हा वेगळा पेशा आहे. मनापासून आवडत असेल तर कर. कॅप्शन लिहिण्याने तुझी भाषा सुधारेल, म्हणून काही महिने तक्रार करू नकोस. जाहिरातींचं बजेट लावणं, ॲड मॅनेजर सांभाळणं सरळ नाकार. फक्त महिन्याच्या शेवटी कोणत्या पोस्टला किती प्रतिसाद आला ते आकडे मागून घे आणि आपल्या कामाशेजारी ठेवून बघ. थ्रीडी तूर्त विसर. कोडिंगबद्दल माझं मत असं की वेबपान कशाचं बनलेलं असतं एवढं समजावं. फुकट धड्यांवरून एचटीएमएल-सीएसएसचं साधं पान करून बघितलंस की बटणाच्या मापावरून डेव्हलपरशी होणारी निम्मी भांडणं मिटतील. त्यापुढे जायची गरज नाही.

यूआय-यूएक्सचा कोर्स आत्ता करू नकोस. ते क्षेत्र वाईट आहे म्हणून नव्हे. तुझ्या पत्रात त्या कामाबद्दल ओढीचा एक शब्दही नाही. आहे ती मैत्रीण, फी आणि धास्ती. त्या कामात सुंदर पडदे काढण्यापेक्षा माणसं कुठे अडखळतात हे बघत बसणं जास्त असतं. एखाद्या आजींना बँकेचं ॲप वापरताना शेजारी बसून, मदत न करता, नुसतं बघता येईल का तुला? एकदा करून बघ. कुठल्या पायरीवर अंगठा थबकला, कोणता शब्द कळला नाही, फिक्या राखाडीवर पांढरी अक्षरं कुठे दिसेनाशी झाली, ते वहीत लिही. साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १ असावा असा वेबचा जगन्मान्य दंडक आहे. तो तपासायची साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात. हे करताना कंटाळा आला तर पंच्याऐंशी हजार वाचले. रंगलीस, तर पुढच्या वर्षी तुझ्या स्वतःच्या पैशांतून कर, आणि आधी तिथून शिकून गेलेल्या दोघांशी फोनवर बोल. बाबांना कर्ज तूर्त काढायला लावू नकोस. अठरा हजारांच्या पगारातून पुण्यातलं भाडं देऊन हप्ता जाणार नाही, हे तुलाही माहीत आहे. म्हणूनच तुला धीर होत नाहीये.

'हे थांबतं कुठे' म्हणून विचारलंयस. आपणहून ते थांबत नाही, तुला थांबवावं लागतं. 'नुसतं डिझाइन येऊन भागत नाही' हे तुझ्या सरांचं वाक्य चुकीचं नाही, पण ते सोयीनुसार वापरलं जातंय. महिनाभर रोज संध्याकाळी कोणत्या कामाला किती तास गेले ते एका शीटमध्ये लिहून ठेव. मग ती शीट घेऊन त्यांच्याकडे जा. चिडू नकोस, रडू नकोस, 'मला जमत नाही' असंही म्हणू नकोस. सांग, की छपाई आणि क्लायंटशी बोलणं माझ्याकडे राहू दे, मराठी मजकुराची सगळी कामं मी बघते आणि प्रूफची जबाबदारी घेते, पण त्यासाठी छपाईआधी एक दिवस हवा. रीलसाठी दुसरं माणूस बघा किंवा ते माझ्या कामात धरून पगार ठरवा. आकडाही तयार ठेव. 'बघू' असं उत्तर येईल. त्यावर 'कधीपर्यंत' असं विचारून तारीख घे.

ती तारीख येईपर्यंत पोर्टफोलिओ नीट कर. वीस पोस्टर नकोत. पाच-सहा कामं पुरेत, आणि प्रत्येकाखाली चार ओळी: काय मागितलं होतं, मी काय विचारलं, काय बदललं आणि का. एक काम निव्वळ देवनागरी मजकुराचं असू दे, दोन-तीन हजार शब्दांचं, नुसतं शीर्षक सजवलेलं नको. एक छापून आलेलं असू दे, आणि त्याची प्रत मुलाखतीला हातात घेऊन जा. माझ्याकडे मुलाखतीला येणारी बहुतेक मुलं फोन पुढे करतात. कोणी कागद टेबलावर ठेवला की मी तो उचलून उलटा करते, घडी कशी घातलीय ते बघते आणि कागदाचं वजन विचारते, 'जीएसएम किती?'